बयनाच्या आठ गाठी

मी एक जुना अंबाडीचा दोर आहे, मित्रांनो. आता गोठ्यातल्या खुंटीवर लटकून असतो आणि उंदीर मला कुरतडतात. पण एके काळी मुधोळजवळच्या एका गावात, धोंडीबाच्या विहिरीवर माझा मोठा रुबाब होता. मला वळून झालं तेव्हा धोंडीबा म्हणाला होता, "असा दोर साऱ्या गावात नाई!" फुशारकी नको, पण खरंच नव्हता.

धोंडीबाची लेक बयना दहा वर्षांची. तिच्या डोळ्यांदेखत विहिरीत वासरू पडून मेलं आणि तिला विहिरीची धास्ती बसली. काठ दुरून दिसला तरी तिची छाती धडधडायची, हात गार पडायचे. शाळेची वाट विहिरीवरूनच जायची, त्यामुळे शाळा सुटली. लोक म्हणत, पोरगी नाटकं करते. मित्रांनो, नाटकं करणाऱ्याचे हात गार पडत नसतात.

दवाखान्यातल्या नर्स कुसुमबाईंनी हे ओळखलं. त्यांनी मला अंगणापासून विहिरीपर्यंत जमिनीवर अंथरलं. बयनाने मला धरून जमेल तेवढंच पुढे यायचं, धडधड उतरेपर्यंत तिथेच बसायचं आणि त्या जागी माझ्यावर एक गाठ मारायची. "पुढं कवा जायचं ते बयनाच ठरवीन. कोनी ओढायचं नाई," बाईंनी बजावलं. दीड महिन्यात आठ गाठी झाल्या. नववी काठाशीच पडणार होती.

पण सुट्टी संपून सोमवारी शाळा उघडणार होती आणि धोंडीबाचा धीर सुटला. आमच्याकडे पोहायला शिकवतात ते पोराच्या कमरेला दोर बांधून, विहिरीत ढकलून. तोही तसाच शिकला होता. भीतीही तशीच जाईल, असं त्या भोळ्या माणसाला वाटलं. ढकलायला जीव होईना, म्हणून त्याने तिला कप्पीवरून हळू सोडायचं ठरवलं. गाठी कप्पीत अडकल्या असत्या. त्याने आठही सोडून टाकल्या.

"बाबा, उद्या मी आपल्या मनानं काठाले हात लावीन. आज नको!"

"काऊन भेतं वं? मी धरून राह्यलो ना तुले."

त्याने मला तिच्या कमरेला बांधलं आणि तिला विहिरीत सोडलं. मी तुटलो नाही. तुटलो असतो तर ती बुडाली असती, हे मला कळतं. तरी तिची किंकाळी आठवली की स्वतःची लाज वाटते.

त्यानंतर तिला विहिरीची भीती राहिलीच, वर बापाचीही बसली. तो अंगणात आला की ती चुलीमागे लपायची. "आता पहिल्यापासून, धोंडीबा," कुसुमबाई म्हणाल्या, "पन आधी तिचा तुमच्यावर भरोसा बसू द्या." पुढे त्यांची उटनूरला बदली झाली. धोंडीबा रोज संध्याकाळी मला अंथरून बसायचा. "बये, ये. मी दूर बसतो." ती कधीच आली नाही. सहा वर्षांनी सासरी जाताना तिने बापाला दुरूनच हात जोडले.

मित्रांनो, भ्यालेल्याला हसू नका आणि ओढूही नका. तो जिथे उभा आहे, तिथे त्याच्याजवळ बसा.

ती गेल्यावर धोंडीबाने जुन्या गाठींच्या जागा चाचपून चाचपून माझ्यावर आठ गाठी मारल्या. त्या अजून घट्ट आहेत. पण त्यातली एकही बयनाची नाही.