लोकांच्या बाजूचा मॉनिटर

दौलत सावंताचं डोकं त्या दिवशी फिरायचंच होतं. ही चौथी खेप! लालबागच्या हॉलमध्ये गिरणी कामगारांच्या घरांचे अर्ज तपासत होते, आणि आज शेवटचा दिवस. आज अर्ज पास झाला नाही तर घर गेलं, कायमचं.

टेबलामागे ऑपरेटर चिंतामणी. त्याने अर्जावरचा बारकोड मशीनसमोर धरला, मशीन टुक् करून वाजलं, आणि आपल्या स्क्रीनकडे बघत तो म्हणाला, "रिजेक्ट."

"पण का रे बाबा?"

"सिस्टम घेत नाही, काका."

"काय लिहिलंय ते दाखव तरी!"

"ही स्क्रीन फिरवायची नसते. लोकांच्या बाजूचा मॉनिटर जोडायचाय अजून. इंजिनिअर येईल तेव्हा."

तो मॉनिटर टेबलाखाली खोक्यातच होता, महिनाभर. वर चिंतामणीचा जेवणाचा डबा. झालं! दौलत भडकला.

"मेल्या, चौदा वर्षं मिलमध्ये वायरमन होतो मी. सरक!"

त्याने डबा उचलून बाजूला ठेवला, खोकं फाडलं, बारकोड वाचणाऱ्या डीकोडरची पाठ चाचपली. दुसऱ्या मॉनिटरची जागा होतीच, धुळीने भरलेली. फुंकर मारून केबल खुपसली, स्क्रू आवळले.

"हात लावू नका, तक्रार करीन!"

"कर! कोणाला करायची त्याला कर!"

मॉनिटर उजळला. दौलतने स्वतःच अर्ज धरला. टुक्. सगळ्या रांगेसमोर मोठ्या अक्षरांत आलं: दौलत सावंत. मयत. १६ जानेवारी १९८२.

दौलत बघतच राहिला. मग असा पेटला की बस्स! "अरे, ही माझी मिलमधली शेवटची हजेरी! दोन दिवसांनी संप लागला. ती तू मरणाच्या रकान्यात भरलीस?"

चिंतामणीचं तोंड एवढंसं झालं. "मिलकडून आलेल्या यादीत नुसतं 'अखेरची तारीख' लिहिलं होतं, काका. मला वाटलं..."

"काय वाटलं? संपावर गेला तो मेला?"

त्याच मिलच्या गंगुबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी आपला अर्ज पुढे केला. टुक्. मयत, १६ जानेवारी. त्यांच्या मागचा जयवंत. टुक्. मयत. तीच तारीख. रांगेत कुणी शिवी हासडली, कुणी आपलाही अर्ज पुढे रेटला.

चिंतामणीचा हात हळूच केबलकडे गेला. दौलतने मनगट धरलं.

"ती निघायची नाही. आधी आम्हाला एकेकाला जिवंत कर, मग घरी जा."