मंगळवारी पडण्याची मंजुरी

मंगळवारी सकाळी कौतिकाबाई तायडे बाथरूममध्ये पडल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. खरं तर तसं काही झालंच नाही. अकोल्याच्या त्या वृद्धाश्रमात दोनशे बारा दिवसांत कोणी पडलं नव्हतं, तसा फळाच दारात लावला होता, आणि शुक्रवारी तपासणी समिती यायची होती.

"आजी, तुमी पडल्याच नाही," व्यवस्थापक देवानंद सर म्हणाले. "तुमी खाली बसल्या."

"एवढ्या जोरात?"

"घाईत बसल्या असान."

मनगट वांग्यासारखं सुजलं होतं. बाईंना त्याचं विशेष काही वाटत नव्हतं. हात दुसऱ्याच कोणाचा असावा तसा मांडीवर ठेवलेला होता.

"मले एक्स-रे काढाले तरी घेऊन चाला."

"कसं नेऊ? गाडी काढाले पडल्याची नोंद लागते. अन् नोंद केली का फळा पुसा लागते."

कौतिकाबाईंनी तेल्हाऱ्याच्या पंचायत समितीत तीस वर्षं कारकुनी केली होती. नियम म्हटला की त्यांना तो पटायचाच. त्यांनी कागद मागितला आणि डाव्या हातानं अर्ज लिहिला:

"महोदय, मी मंगळवारी न पडता जखमी झाले आहे. तरी सदर दिवशी पडण्यास मला पूर्वलक्षी प्रभावाने मंजुरी मिळावी, आणि समिती परत जाईपर्यंत वाकडे न जुळण्याबाबत सदर हाडास आपल्या स्तरावरून लेखी आदेश व्हावेत, ही नम्र विनंती."