एकशे चार जणींचे पैसे

रत्नाने नोकरी सोडली ती भांडून नाही. वेल्ह्याच्या घरी तिची सासू साळूबाई मोरीत पाय घसरून पडली, खुबा मोडला, ऑपरेशन झालं आणि तिला उठवायला-बसवायला घरात माणूस लागू लागलं. नवरा हनुमंत खेड शिवापूरला एका कंपनीत पाळीने कामाला. त्याच्याच्याने ते होणारं नव्हतं. म्हणून भोरमधली भाड्याची खोली सोडून पोरीला घेऊन वेल्ह्याला जायचं रत्नाने ठरवलं.

भोरमधल्या गोरखच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ती आठ वर्षं होती. लागली तेव्हा फक्त फॉर्म भरायची. गोरखनेच तिला गाडी शिकवली, लायसन काढून दिलं, आणि बायका पुरुष मास्तरापाशी बसायला बुजतात हे ओळखून तिला शिकवायला बसवलं. बाई शिकवते म्हटल्यावर वेल्ह्यापासून शिरवळपर्यंतच्या बायका यायला लागल्या. एका गाडीच्या तीन गाड्या झाल्या. रत्ना त्याला दादा म्हणायची आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. तिच्या शिवानीला डेंगी झाला तेव्हा गोरखने क्लास बंद ठेवून मायलेकींना पुण्याला नेलं होतं आणि हनुमंत येईपर्यंत दोन दिवस दवाखान्याच्या बाकड्यावर बसून राहिला होता.

पगार साडेनऊ हजार, आणि पास होणाऱ्या प्रत्येक बाईमागे तीनशे रुपये वेगळे. हे तीनशे आधी तो महिन्याच्या महिन्याला द्यायचा. गेल्या वर्षी रत्नाच म्हणाली, की हातात आले की खर्च होतात, तुमच्यापाशीच राहू द्यात. पुढेमागे तिला स्वतःच्या दोन जुन्या स्कूटी घ्यायच्या होत्या. गोरख म्हणाला, पोस्टात ठेवलेत असं समज. तेव्हापासून पास झालेल्या बायकांची नावं ती एका डायरीत लिहीत गेली. अकरा महिन्यांत एकशे चार नावं झाली.

नोकरी सोडायच्या महिनाभर आधी तिने सांगितलं. गोरखने वाईट वाटून घेतलं, पण अडवलं नाही. शेवटच्या दिवशी त्याने ऑफिसात छोटा कार्यक्रमच केला. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, ओटी भरली. गोरखने नारळ दिला, पाकीट दिलं, आणि बंडूने मोबाईलवर फोटो काढले. बंडू तिथला दुसरा मास्तर, रत्नाला ताई म्हणायचा. त्यालाही घाटात गाडी मागे न येऊ देता कशी उचलायची ते रत्नानेच शिकवलेलं. फोटोच्या गडबडीत गोरखने तिच्यापुढे राजीनाम्याचा कागद ठेवला. तिने तो वाचला, सही केली. खाली टाचणीने जोडलेला आणखी एक कागद होता. वरच्या कागदाचा कोपरा उचलून त्याने खालच्यावर बोट ठेवलं, इथेही कर, फाइलला लागतं. तिने केली. पगार आणि साठलेले पैसे दहा तारखेला एकदम देतो, असं तो म्हणाला. पाकिटात अकराशे रुपये होते.

वेल्ह्यात तिचं बरं सुरू झालं. शाळेमागच्या मैदानात ती सकाळी दोन तास बायकांना स्कूटी शिकवू लागली. पहिल्या आठवड्यात अंगणवाडीच्या दोघी आल्या, मग तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान चालवणारी एक. पण स्कूटी दिराची होती, आणि दिराला ती नऊ वाजता लागायची. नसरापूरला एकाकडे दोन जुन्या स्कूटी विकायला होत्या. रत्नाने पाच हजार विसार देऊन टाकला आणि बाकीचे महिनाअखेर देते म्हणाली.

दहा तारीख गेली. वीस गेली. गोरख आधी म्हणाला गाडीचा हप्ता होता, मग म्हणाला बघतो, मग फोन उचलेना. शेवटी सासूपाशी शेजारच्या धोंडाबाईला बसवून रत्ना चेलाडीला एसटी बदलून भोरला गेली.

गोरखने बस म्हटलं, चहा सांगितला. सासूची चौकशी केली. मग म्हणाला, "पैसं तर दिलं की तुला. निरोपाच्या दिवशी."

रत्नाला वाटलं तो चेष्टा करतोय. ती हसली. तो हसत नव्हता. त्याने फाइलमधून कागद काढून तिच्यापुढे सरकवला. कागदावर लिहिलं होतं, की शेवटचा पगार आणि इतर सर्व येणे रोख मिळाले, आता कसलीही बाकी नाही. खाली तिची सही होती. कागदाला फोटो जोडला होता, तिच्या हातात पाकीट देतानाचा. फोटोत ती रडवेली दिसत होती.

"दादा, त्या पाकिटात अकराशे रुपय व्हते."

"ते तू म्हणतीस."

तिने मोबाईल काढून कागदाचा फोटो घेतला. मग गोरखच बोलायला लागला, आणि एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबता आलं नाही. वेल्ह्याकडून महिन्याला आठ-दहा बायका यायच्या, त्या आता तिच्याकडे जाणार. त्याच्या गाडीवर, त्याच्या डिझेलवर ती शिकली आणि त्याचंच गिऱ्हाईक घेऊन गेली. सासू पडल्याचं निमित्त, धंदा टाकायचं आधीच ठरलेलं असणार.

"मग तसं म्हना," रत्ना म्हणाली. "तू माझं नुकसान केलंस, म्हनून देत न्हाई, असं म्हना. दिलं म्हनू नका."

त्यावर गोरखने कागद परत फाइलमध्ये ठेवला. चहा आला होता, तो तिने घेतला नाही. बाहेर बंडू गाडी पुसत होता. तिने त्याला हाक मारली, तर त्याने ऐकलं नाही असं दाखवलं.

परतीच्या एसटीत तिला रडू आलं नाही, राग आला आणि तोही गोरखचा नाही, स्वतःचा. बायकांना ती रोज सांगायची, आरशात बघितल्याशिवाय वळू नका. आणि स्वतः न वाचता सही करून आली होती. पण न वाचण्याचं कारण तिला माहीत होतं. त्या माणसापुढे कागद वाचत बसणं तिला अपमानाचं वाटलं असतं, त्याच्या अपमानाचं. दवाखान्याच्या बाकड्यावर बसलेला तो आणि हा, एकच माणूस कसा, हे तिला काही केल्या जुळवता येईना.

घरी हनुमंत म्हणाला, सोडून दे. गोरखचा भाऊ पुढाऱ्यांत ऊठबस करणारा, आपण कुठे पुरे पडणार. साळूबाई खाटेवरून ऐकत होती. तिने मुलाला विचारलं, "पगार धरून चाळीस हजार सातशे हाइत. तेवढं कमवायला तुला कंपनी किती म्हयनं राबवंल?"

झेरॉक्सवालीने सांगितलं, की भोरच्या कोर्टात विधी सेवा समिती आहे, तिथे बायकांना वकिलाची फी पडत नाही. रत्ना पुढच्या सोमवारी गेली. तिथल्या प्रेरणा वकील तिच्याहून वयाने लहान होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तिने मोबाईलवर काढून आणलेला कागदाचा फोटो मोठा करून पाहिला. म्हणाल्या, यात रकमेचा आकडाच नाही, आणि पाच हजारांच्या वरच्या पावतीला रेव्हेन्यूचं तिकीट लागतं, तेही लावलेलं नाही. पगाराचं बघता येईल. पण बाईमागच्या तीनशेचं कुठे लिहिलेलं आहे? तुमची डायरी तुम्हीच लिहिलेली. तुम्ही ज्यांना शिकवलं त्यांनी सांगितलं तर वजन पडेल. दरम्यान त्यांनी गोरखला नोटीस पाठवली आणि समितीपुढे तडजोडीची तारीख घेतली.

महिनाभर रत्ना डायरी घेऊन फिरली. सकाळी मैदान, मग सासूचं आवरणं, मग एसटी. एक साधा मजकूर तिने छापून घेतला होता, की मला अमुक महिन्यात रत्नाताईंनी शिकवलं आणि मी पास झाले. खाली नाव, सही. एवढंच.

पहिली सही भोरच्या खुर्शिदा आपांनी केली. पन्नाशीत गाडी शिकलेल्या आपा आता नवऱ्याच्या मटणाच्या दुकानाचा टेम्पो स्वतः चालवत होत्या. त्यांनी सही केली, आपल्या सुनेची घेतली, आणि गल्लीतल्या आणखी तिघींना घरी बोलावून घेतलं. पाली आणि गुंजवण्याच्या बायकांनी भात झोडपता झोडपता हात पुसून सह्या केल्या. पण सगळ्याच तशा नव्हत्या. एका शिक्षिकेला गाडीची इतकी भीती होती, की रत्नाने तिला पंधरा दिवस जास्त शिकवलं होतं, स्वतःच्या वेळात. ती दारातच म्हणाली, गोरखदादांची आणि आमची गल्ली एकच, उद्या तोंड दाखवायचंय. एकीच्या नवऱ्याने बायकोला बाहेर येऊच दिलं नाही. दोघींनी हो हो म्हणून चार चकरा मारायला लावल्या आणि मग फोन बंद ठेवले. नाही म्हणणारीचं तिला काही वाटलं नाही. हो म्हणून लपून राहिलेल्यांचं वाटलं. एकशे चारांपैकी अठ्ठावन्न सह्या झाल्या.

तारखेला गोरख इस्त्रीचा सदरा घालून आला. बरोबर बंडू होता. रत्नाला पाहून बंडूने मान खाली घातली आणि तिला थोडी आशा वाटली.

समितीच्या खोलीत एक मोठं टेबल होतं, पलीकडे तडजोड करून देणारे एक निवृत्त साहेब बसलेले. त्यांनी गोरखला विचारलं, रोख दिले तर किती दिले? चाळीस हजार सातशे, गोरख म्हणाला. साक्षीला कोण? बंडू पुढे झाला. त्याने सांगितलं, की पैसे त्याच्यासमोर मोजले, पाचशेच्या नोटा होत्या, पाकिटात घातले आणि बाईंनी खुशीने घेतले. हे सगळं त्याने टेबलाच्या कडेकडे बघत सांगितलं, पाठ केलेलं असावं तसं.

रत्ना एवढंच म्हणाली, "बंडू, माझ्याकडं बघून सांग."

त्याने बघितलं नाही. साहेबांनी मात्र त्याच्याकडे नीट बघितलं. मग गोरखला म्हणाले, की नोटिशीच्या उत्तरात तुम्ही लिहिलंय, बाईमागे पैसे द्यायचं कधी ठरलंच नव्हतं. मग चाळीस हजार सातशे कशाचे दिले? पगार तर साडेनऊ हजार आहे.

गोरखने रुमालाने मान पुसली. प्रेरणा वकिलांनी अठ्ठावन्न कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

पुढचा तासभर घासाघीस झाली. पगार पूर्ण द्यायला गोरख तयार झाला. बाईमागच्या पैशांवर तो हटून बसला, आणि शेवटी म्हणाला, ज्यांच्या सह्या आहेत त्यांचे देईन, बाकीच्यांचे नाही. वकिलांनी रत्नाला बाहेर नेऊन समजावलं. सगळे हवे असतील तर पुढे केस लढता येईल, पण तारखा पडत राहतील आणि प्रत्येक तारखेला तिचं मैदान बंद. हातात येतात ते घ्यावेत असं त्यांचं मत होतं, पण ठरवायचं तिने. रत्नाने साळूबाईचा विचार केला, नसरापूरच्या विसाराचा केला. सव्वीस हजार नऊशे, दोन हप्त्यांत, बँकेतून. या वेळी तिने कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचला. सगळे थांबून राहिले. मग तिने सही केली.

व्हरांड्यात गोरखने तिला गाठलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो दुखावल्यासारखाच वाटत होता, आणि तेच तिला सहन झालं नाही.

"घरातलं भांडण कोर्टात आणलंस, रत्ना."

"घरातलं असतं तर तुमी फोटू कागदाला जोडला नसता," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

एसटी स्टँडवर बंडू मागून आला. त्याने सांगितलं, की त्याच्या मोटारसायकलचे हप्ते गोरखदादा भरतात, नाही म्हटलं असतं तर कामावरून काढलं असतं, घरी आई आहे. सगळं खरं असावं. रत्नाने ऐकून घेतलं. तो माफी मागेल असं तिला वाटलं, पण माफी मागायला तो आलाच नव्हता. त्याला फक्त आपली अडचण तिला पटायला हवी होती.

"तुझी अडचन कळली मला," ती म्हणाली. "आता परत ताई म्हनू नको."

पहिला हप्ता वेळेवर आला, दुसरा दोन आठवडे उशिरा, वकिलांनी फोन केल्यावर. साळूबाई तोवर वॉकर धरून ओट्यापर्यंत यायला लागली होती. सगळं आलं का, म्हणून तिने विचारलं. नाही, आलं तेवढं आलं, रत्ना म्हणाली. पुढच्या रविवारी हनुमंत नसरापूरला बरोबर आला.

दोन स्कूटींचे पैसे होत नव्हते. मालक भला माणूस होता. विसार एकाच गाडीत धरतो, कुठली घ्यायची ती घ्या, म्हणाला. एकीचा रंग चांगला होता. रत्नाने दोन्ही चालवून पाहिल्या, दोन्हींचे ब्रेक दाबून पाहिले, आणि जिची सीट फाटलेली होती ती घेतली. मालकाकडून पावती मागताना तिला क्षणभर संकोच वाटला. तिने ती मागितली. आकडा घालून, तिकीट लावून.

हनुमंत एसटीने मागे येतो म्हणाला. रत्ना एकटीच निघाली. वाटेत भोरला जाणाऱ्या रस्त्याची पाटी लागली. एरवी तिकडे गेल्यावर वहिनींच्या हातचा चहा घेतल्याशिवाय ती परतली नसती. वहिनींनी या सगळ्या दिवसांत एकदाही फोन केला नव्हता, आणि तिनेही नाही. मागून ट्रकने हॉर्न दिला तशी ती डावीकडे सरली, त्याला पुढे जाऊ दिलं आणि वेल्ह्याच्या रस्त्याला लागली. सोमवारी सकाळी सातला मैदानात चौघी येणार होत्या, त्यातल्या दोघी पहिल्यांदाच.