टोकाचे खिळे

साहेब, तुम्ही खोटं बोललात. चौकशीच्या कागदावर "सुताराचा हलगर्जीपणा" एवढं लिहिलंत, खाली सही ठोकलीत आणि निघून गेलात. मी तिथेच पडले होते. मला एका शब्दाने विचारलं नाहीत.

मित्रांनो, दचकू नका, हे तुम्हाला नाही. मी एक जुनी तुळई आहे, अखंड ओंडक्याची नव्हे, जोडून केलेली. वर जाड फळी, खाली जाड फळी, दोन्ही बाजूंना प्लायवूडच्या भिंती आणि आत पोकळी. वीस फूट लांबीची पेटीच म्हणा ना.

माझा जन्म आधी स्वयंपाकघराच्या फरशीवर झाला, कागदावर. सुताराची लेक बांधकाम कार्यालयात नुकतीच लागली होती. वाचनालयाचा सज्जा जिच्यावर उभा राहणार, त्या तुळईचं गणित तिच्याकडे आलं आणि तुळई बनवायचं काम तिच्या बाबांकडे.

"बाबा, हे जाड पुस्तक दोन्ही हातांनी धरा आणि वाकवा," ती म्हणाली.

बाबांनी वाकवलं. कडेला पानं एकमेकांवरून सरकली.

"तुळई वाकते तेव्हा वरची फळी दाबली जाते, खालची ताणली जाते. तो ताण मधोमध जास्त. पण फळ्या या पानांसारख्या सरकूही बघतात आणि सरकायचा जोर टेकूंजवळ, म्हणजे टोकांना जास्त. तो अडवायचा खिळ्यांनी. म्हणून मध्ये सहा इंचांवर खिळा चालेल, टोकांना दोन-दोन इंचांवरच हवा."

"दोन इंच! अगं, मला सुतार ठेवतेस की शिंपी करतेस?"

"शिंपीच व्हा. पण टाके घट्ट घाला."

दोघं हसली. एका खिळ्याला किती पेलवेल ते तिने तीनदा ताडून पाहिलं. बाबा तिच्याकडे असे बघत होते, जणू तीच त्यांनी घडवलेली सगळ्यांत सुबक वस्तू.

मग मी बाबांच्या कारखान्यात आले. बाबांनी पेन्सिलीने टोकांना दोन-दोन इंचांच्या खुणा केल्या. उद्घाटन आठ दिवसांवर होतं. तेवढ्यात तुम्ही आलात, साहेब.

"हे काय भरतकाम चाललंय? टोकं तर भिंतीवर टेकणार. तिथे कसला जोर? जोर मध्ये येतो. सगळीकडे सहा इंच मारा आणि मोकळे व्हा."

"पण साहेब, कागदावर दोन आहे. पोरीने हिशेब करून..."

"पोरगी तुमची, कार्यालय माझं. तिची नोकरी अजून कच्ची आहे, एवढं ध्यानात ठेवा."

बाबांचा हात हातोड्यावरच थांबला. मग त्यांनी सहा इंचांवर खिळे मारले. शेवटची बाजू बंद करण्याआधी मात्र ते माझ्या पोटात वाकले आणि मधोमध पेन्सिलीने लिहिलं: "टोकांना दोन इंच, हे लेकीचं गणित बरोबर आहे. साहेबांनी सहा करायला लावले. मी ऐकलं." खाली सही, तारीख. मग त्यांनी मला बंद केलं. ते अक्षर तेव्हापासून अंधारात आहे.

सज्जा उभा राहिल्यावर तुम्ही त्याच्या मधोमध उडी मारून दाखवलीत. "हललं का काही?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकटे बाबा माझ्या टोकाकडे बघत होते.

मित्रांनो, तीन वर्षं मी सज्जा पेलला. वाचनालयातल्या मावशी काठीला फडकं बांधून रोज माझं अंग पुसायच्या. "काय गं तुळाबाई, झोप झाली का? तुझं बरं आहे, तुला भाजी चिरायची नसते." कौतुक म्हणावं तर तेवढंच माझ्या वाट्याला आलं आणि ते मला पुष्कळ होतं.

चौथ्या वर्षी एका दुपारी भाषण होतं. सज्जा माणसांनी गच्च भरला. माझ्या डाव्या टोकाचा एक खिळा वाकला. मग शेजारचा. वरची फळी प्लायवूडवरून सरकली, हुबेहूब पुस्तकाच्या पानासारखी. मी जिवाच्या आकांताने करकरले. वरची माणसं जिन्याने खाली धावली, सगळी वाचली. खाली मावशी खुर्च्या लावत होत्या. त्या पळाल्या नाहीत. उलट माझ्याच खाली आल्या आणि मान वर करून म्हणाल्या, "काय गं तुळाबाई, काय होतंय तुला?"

मी त्यांच्यावर कोसळले. त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत.

आता मी मागच्या बंद खोलीत पडून आहे. इथे झाडपूस करायला कुणी येत नाही, तरी रोज सकाळी माझ्या अंगावरून फडकं फिरतं. मी मोजते. डावीकडून उजवीकडे एकदा, परत एकदा. मग तोच आवाज येतो, "काय होतंय तुला?" पोकळ वस्तूत शिरलेला आवाज बाहेर पडत नाही, मित्रांनो. तो आतच फिरत राहतो.

चौकशीत लेकीचा कागद काढला गेला. त्यावर दोन इंच, माझ्या अंगावर सहा. तिच्याच गणिताने तिच्या बापाला दोषी ठरवलं. बाबांनी तोंड उघडलं नाही. लेकीची नोकरी तुमच्या मुठीत होती ना, साहेब! त्यांनी हत्यारांची पेटी बंद केली ती कायमची आणि दोन वर्षांत गेले.

लेक अजून अधूनमधून येते. माझ्या टोकाशी बसते, खिळ्यांमधलं अंतर बोटांनी मोजते. कालही आली होती.

"मी दोन लिहिलं होतं ना, बाबा? मग का हो असं केलंत?"

तिचा हात माझ्या मधल्या भागावर होता. हाताखाली प्लायवूड आणि प्लायवूडच्या पलीकडे उत्तर. मला तोंड नाही. मी नुसती करकरले. ती दचकली आणि निघून गेली.

आज सकाळी एक माणूस येऊन खडूने माझ्यावर रेघ मारून गेला. उद्या मला कापून सरपण करणार आहेत. रेघ बरोबर त्या अक्षरांवरून गेली आहे.

मित्रांनो, मोडकी वस्तू जाळण्याआधी एकदा उघडून बघा. कुणीतरी आत काही लिहिलेलं असतं. ज्याला बाहेर बोलता येत नाही, तो आत लिहितो.

आणि साहेब, तुम्ही अजून आहात, तुमची खुर्चीही आहे. करवत लागायच्या आत त्या पोरीसमोर उभे राहा आणि एवढंच सांगा: टोकाचे खिळे कुणी सोडायला लावले?

बोला.