हालचाल नाही

वाफवाल्यांनी बायकोचा हात हातात घेतला. हात बर्फासारखा गार.

पस्तीस वर्षं कापड गिरणीच्या बॉयलरवर काढलेला हा माणूस. काटा न बघता, नुसत्या आवाजावरून वाफेचा दाब सांगायचे, म्हणून वाफवाले. बायकोचं अंग लुळं पडलं तेव्हा चार ठिकाणं पालथी घालून त्यांनी हे शुश्रूषागृह निवडलं, ते खोल्या उबदार होत्या म्हणूनच. पण गेल्या आठवड्यात वीज वाचवायला प्रत्येक छताला एक पांढरी डबी बसली. खोलीत माणूस हलताना दिसला की हीटर चालू, नाही दिसला की बंद.

आणि तिला तर पापणीपलीकडे काही हलवता येत नव्हतं.

नर्सनं स्क्रीनवर बोट ठेवलं. "खरंय काका. 'खोली रिकामी' असंच येतंय. पण बटणं आमच्याकडे नाहीत हो, सगळं मुख्य कार्यालयातून चालतं."

त्यांनी तिथं फोन लावला. पलीकडच्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं. "तक्रार नोंदवतो, आजोबा. महिन्याभरात माणूस येईल."

"तोवर तिनं काय करायचं?"

"थोडी हालचाल ठेवायला सांगा त्यांना."

वाफवाल्यांनी फोन ठेवला. मग डबीखाली उभं राहून हात हलवू लागले. हीटर घुरघुरला. ते दम खायला बसले की दहा मिनिटांत बंद. पुन्हा उठायचं, पुन्हा हात हलवायचे. "जन्मभर आगीला ताब्यात ठेवलं गं," ते बायकोला म्हणाले, "आणि आता या डबीपुढे माकडासारखा नाचतोय." भेटीची वेळ संपली तेव्हा खांदे ठणकत होते. दोन पांघरुणं घालून ते निघाले.

दुसऱ्या दिवशी पलंग रिकामा! तेवढ्यात नर्स धावत आली.

"घाबरू नका, मोठ्या हॉलमध्ये हलवलंय. तिथं माणसांची ये-जा असते, हीटर बंद पडत नाही. आमच्याकडून एवढंच जमलं."

हॉलमध्ये ऊब होती, आणि टीव्ही कोकलत होता. आयुष्यभर जिला भांडं आपटलेलं खपलं नाही, ती डोळे गच्च मिटून खुर्चीत पडली होती. आवाज कमी करा म्हटल्यावर दहाजण अंगावर आले. "आम्हाला ऐकू येत नाही!"

तिचा हात गरम होता. आता तक्रार करायची तरी कशाची? वाफवाल्यांनी खुर्ची ओढली, दोन्ही तळवे तिच्या कानांवर ठेवले, आणि हात भरून आले तरी काढले नाहीत.