ड्रायव्हरचं वजन

मास्तरांनी बॅटरी बोटाने सरकवत डिकीत नेली, आणि टॅबवरची निळी गाडी पुन्हा वळणावर घसरून कुंपणात घुसली.

"पालथ्या घड्यावर पाणी!" मास्तर पुटपुटले.

"चहा निवतोय तो प्या आधी," पलंगावर चादरींच्या घड्या करत त्यांची बायको म्हणाली.

निवृत्त ड्रॉइंग मास्तर घरात करमत नाही म्हणून कुरकुरायला लागले, तेव्हा नातीने हा गाड्या बनवायचा खेळ टॅबवर टाकून दिला. डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं नुकतंच बंद केलं होतं. समोरचं लख्ख दिसे, कडेचं दिसेनासं झालं होतं. "मी चालवणार नाही, तर उभी कशाला सडवायची?" म्हणून त्यांनी परस्पर गिऱ्हाईकही ठरवलं. ते आज संध्याकाळी गाडी न्यायला येणार होतं.

बाईंना गाडी जायला नको होती. त्यांच्याकडे लायसन्स होतं. लग्नाआधी वडिलांची जीप त्यांनी घाटातून चालवली होती. लग्नानंतर मात्र एकदाच स्टिअरिंग धरलं, तर शेजारी बसून मास्तरांनी असा काही जीव खाल्ला की त्या भर रस्त्यात उतरून तरातरा चालत घरी आल्या. तेव्हापासून त्या शेजारच्याच सीटवर. आता इतक्या वर्षांनी कोणत्या तोंडाने मागायचं? आणि मागून मिळालंच, तर त्यात गोडी ती काय?

"अगं, इकडे ये जरा," मास्तर म्हणाले. "कुठल्या चाकावर किती भार पडतो ते दाखवतात इथे. हे ड्रायव्हरकडचं पुढचं बघ, पार दबलंय."

बाईंनी चष्मा चढवला. "दबेल नाही तर काय! इंजिन कललंय तिकडे, टाकी तिकडे, आणि वर तुमच्यासारखा ऐवजही त्याच बाजूला."

मास्तर हसले नाहीत. टॅबवर वाकून बराच वेळ काहीतरी पुसत, लिहीत राहिले. मग गाडी सुटली. वळण आलं तसा बाईंनी उगाच जमिनीवर पाय दाबला. गाडी अलगद वळली आणि सरळ पुढे निघून गेली.

"अगंबाई! काय केलंत?"

मास्तरांनी टॅब त्यांच्यापुढे धरला. शेजारच्या सीटवर ब्याण्णव किलो होते. ड्रायव्हरच्या सीटवर सदुसष्ट.

बाईंना एकदम भरून आलं. ते लपवायला त्या म्हणाल्या, "सदुसष्ट? मी साठ आहे म्हटलं!"

"साठ टाकून बघितलं होतं. घसरते."

"चला, काहीतरीच!"

"माझा फोन दे," मास्तर खाली बघत म्हणाले. "त्या माणसाला येऊ नका म्हणून सांगतो."

बाईंनी फोन उचलला, पण हातातच ठेवला. "आणि शेजारी बसून किती बोलणार?"

मास्तरांनी खरोखरच विचार केला.

"वळणापुरतं," ते म्हणाले.

बाईंनी फोन दिला.