हिरूची नळी

सन चौऱ्याहत्तरची गोष्ट. लोधिवलीची जयवंता ही हिरूची आई. तिने सकाळीच पातळ पेज फडक्यातून दोनदा गाळून ठेवली. एखादं शीत राहिलं तरी नळी तुंबते, असं मुंबईच्या इस्पितळातल्या नर्सने तिला बजावलं होतं. सात वर्षांच्या हिरूचा मेंदू झिजत चालला होता. आधी पाय गेले, मग बोलणं, आणि दिवाळीपासून गिळणंही. तेव्हापासून पोर नाकातल्या नळीवरच जगत होती.

त्या दिवशी साजगावचे पाहुणे जयवंताच्या नणंदेला, जनाला, पाहायला यायचे होते. सासू धोंडूबाईंनी घर डोक्यावर घेतलं होतं. शेवटी त्या चुलीपाशी येऊन बसल्या.

"जयवंते, हिरूला मागल्या पडवीत ने. आनी ती नळी काढून टाक. परत घालू नको."

"मंग ती खाईल काय?"

"देवाच्या मनात आसंल तसं हुईल. पोरगा आसता तर मी बोललेच नसते. पोरगी ती! झाकली मूठ सव्वा लाखाची, गं."

जयवंताने नवऱ्याकडे पाहिलं. पदू खाली मान घालून सुपारी कातरत होता. आईपुढे या बाप्याचं तोंड कधी उघडलंच नव्हतं.

तिला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. "नळीनं आजार बरा होणार नाही. पुढे पोरीला नळीचाच जाच होईल, तेव्हा ती काढायची. तो दिवस तुम्हीच ओळखाल." त्या दिवसाची धास्ती जयवंताला कायम होती. पण सकाळीच केसांवरून हात फिरवला, तेव्हा हिरू गालात हसली होती. तो दिवस आजचा नव्हता, आणि पाहुण्यांच्या सोयीने तर तो ठरणारच नव्हता.

दुपारी ओटीवर पोह्यांच्या बशा फिरल्या. बाजारात गाय पारखावी तसं मुलाच्या आईने जनाला चालायला लावलं, दात बघितले, केस सोडून बघितले. तोच जयवंता हिरूला उचलून भर ओटीवर आली. पोरीचं डोकं उंच धरून तिने मांडीवर घेतलं आणि नळीतून पेज सोडू लागली.

"ही कोन?" मुलाच्या आईचा घास हातातच राहिला.

"माजी लेक. तुमच्यापासून लपवायची होती."

"वाटोळं केलंस पोरीचं!" धोंडूबाई कडाडल्या.

"कुठल्या पोरीचं, आत्या? एकीच्या लग्नापायी दुसरीला उपाशी मारू? हिला सोसंना झालं तर मीच काढीन नळी. पोरगी हाय म्हनून नाय काढनार!"

मुलाच्या आईने पदर सावरला. "आसलं दुखनं घरान्यात आसंल तर..."

"जरा थांबा," जना म्हणाली. सकाळपासून खाली असलेली मान वर करून तिने थेट मुलाकडे पाहिलं. "तुमी मला चालवून बघितलं. आता माजं एक सांगा. उद्या माज्या पोटी आशी लेक आली, तर तुमी तिला जेवू घालाल?"

मुलाने आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"या मंग," जना म्हणाली, आणि तिने त्याच्यापुढची पोह्यांची बशी उचलली.